संपादकच सहलेखक असतील तर पेपर कसा हाताळायचा?

कोथरूड_४११०३८: विभागाच्या सहामाही जर्नलकडे मुख्य संपादकांच्या पीएच.डी. विद्यार्थ्याचा पेपर आलाय. गाइड म्हणून संपादक सहलेखक आहेत. मंडळातले उरलेले चौघेही पुण्याचेच, दोघे तर याच विभागातले. परत पाठवायचा का?

प्रूफवाचक: परत पाठवू नका, विद्यार्थ्याचं विनाकारण नुकसान होईल. संपादकांनी लगेच मंडळाला ईमेल करून या पेपरपुरतं बाजूला व्हावं. निर्णय बाहेरच्या विद्यापीठातल्या अतिथी संपादकाकडे द्या. रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे तज्ज्ञही त्यांनीच निवडायचे.

खरी गळती सॉफ्टवेअरमध्ये होते. ओजेएसमध्ये, म्हणजे जर्नलचे पेपर हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये, संपादकांच्या लॉगिनला सहसा सगळे अधिकार असतात. त्यांच्या लॉगिनवरून हा पेपर उघडून पाहा. रिव्ह्यूअरची नावं दिसत असतील तर पेपर छापून होईपर्यंत त्यांचे संपादकीय अधिकार काढून घ्या. बैठकीत विषय निघाला की त्यांनी खोलीबाहेर जावं आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. नुसतं गप्प बसणं पुरेसं नाही, समोर बसलेल्या ज्येष्ठांविरुद्ध बोलायला कोणी धजत नाही.

संदर्भसूची: रिव्ह्यूअर शोधताना पुण्यात हमखास फसगत होते. संस्था वेगळी, पण गुरू एकच! गाइड-विद्यार्थी नातं कितीही जुनं असलं तरी टाळा. गेल्या तीन वर्षांतले सहलेखक, एकाच प्रकल्पाच्या निधीतले भागीदार आणि याच प्रबंधाचे बहिःस्थ परीक्षकही नकोत. परीक्षकांचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. त्यांनी तेच काम आधी तपासलेलं असतं, म्हणून लेखकांची नावं झाकून उपयोग होत नाही.

आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नल-संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म सर्व लेखकांकडून स्वतंत्र भरून घ्या. त्यात इतर आर्थिक संबंधांसाठी ३६ महिन्यांची मर्यादा आहे, पण याच कामाला मिळालेल्या मदतीला कालमर्यादा नाही. इथेच लोक चुकतात.

कोथरूड_४११०३८: आभारी आहे. छापताना तळटीप कशी द्यायची?

प्रूफवाचक: पहिल्याच पानावर द्या: ‘सहलेखक या नियतकालिकाचे मुख्य संपादक आहेत. या लेखाचे परीक्षण व निर्णय यांत त्यांचा सहभाग नव्हता. निर्णय अतिथी संपादकांनी घेतला.’ अतिथी संपादकांचं नावही छापा.

संदर्भसूची: आणि एखादा संबंध छापल्यानंतर उघड झाला, तर वेबसाइटवरची पीडीएफ गुपचूप बदलू नका. आधी लेखकांकडून लेखी खुलासा मागवा, मग तारखेसह दुरुस्ती छापा आणि ती मूळ लेखाला जोडा. निष्कर्षांवरच शंका येत असेल तर नुसत्या दुरुस्तीने भागणार नाही, लेखकांच्या संस्थेला कळवावं लागेल.