फ्रेंच बुलडॉगचे पिल्लू घेताना ब्रीडरची पारख कशी करावी?

प्रश्न :
आमच्या घरात पहिल्यांदाच कुत्रा येणार असून फ्रेंच बुलडॉग ही जात सर्वांनुमते ठरली आहे. दोन ब्रीडरांशी फोनवर बोलणे झाले. पहिल्याकडे निळसर करड्या रंगाची सहा आठवड्यांची पिल्ले आहेत. ती लगेच घेऊन जा असे तो म्हणतो आणि रंग दुर्मीळ असल्याचे सांगून किंमतही चढी लावतो. दुसऱ्याकडे बदामी रंगाची पिल्ले आहेत. परंतु आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय तो पिल्लू देणार नाही, आणि घरी दिवसभर कोण असते, जिने किती आहेत, हे तो इतक्या बारकाईने विचारतो की जणू सोयरीकच जुळवायची आहे. कोणाकडे जावे, आणि गेल्यावर नेमके काय पाहावे?

प्रतिसाद १ :
सोयरीक जुळवणाऱ्याकडे जावे. निळसर रंग केसांतील रंगद्रव्य फिके करणाऱ्या अप्रभावी, म्हणजे आईबाप दोघांकडून आले तरच परिणाम दाखवणाऱ्या, जनुकामुळे येतो, आणि अशा काही कुत्र्यांचे केस पुढे विरळ होऊन त्वचेचे विकार जडतात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या मानकात हा रंग बसतही नाही. शिवाय सहाव्या आठवड्यात आईपासून तोडलेल्या पिल्लाला, किती जोरात चावले की समोरच्याला दुखते, हे भावंडांकडून शिकण्यास पुरेसा अवधी मिळत नाही.

प्रतिसाद २ :
रंगाचे वर आलेच आहे. मी श्वासाविषयी लिहितो, कारण आम्ही त्याच बाबतीत चुकलो. आमचे पिल्लू आणले तेव्हा ठणठणीत दिसत होते. झोपेत घोरायचे, त्याचे आम्हाला कौतुक वाटायचे. दीड वर्षाचे झाल्यावर थोड्या धावण्यानेही त्याला धाप लागू लागली आणि अखेर नाकपुड्या व लांबलेली मऊ टाळू यांची शस्त्रक्रिया करावी लागली. या जातीतील श्वसनमार्गाचा अडथळा वाढत्या वयात प्रकट होतो, त्यामुळे आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे पाहून फारसे कळत नाही. पाहायचे असते ते आईबापांकडे. आईला तीन मिनिटे भरभर चालवून दाखवण्याची विनंती करावी, तीही सकाळच्या गारव्यात, कारण या कुत्र्यांना उष्माघात फार लवकर होतो. चालल्यावर घरघर किंवा खरखर ऐकू येते का, ती पुन्हा शांत व्हायला किती वेळ घेते, नाकपुड्या उघड्या आहेत की नुसत्या फटी, हे पाहावे. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनचा केनेल क्लब यांनी 2019 मध्ये सुरू केलेल्या तपासणीत अशा चालण्याआधी व नंतर स्टेथोस्कोप लावून कुत्र्याला 0 ते 3 अशी श्रेणी दिली जाते. 3 श्रेणीच्या कुत्र्यापासून पैदास करू नये, असा त्यांचा सल्ला आहे. ही तपासणी कुत्रा एक वर्षाचा झाल्यावरच होते, म्हणून पिल्लाचा नव्हे, आईबापांचा कागद मागावा. त्यांच्या मणक्यांचा एक्स-रेही विचारावा, कारण आखूड पिळदार शेपटीशी निगडित असलेले मणक्यांचे व्यंग या जातीत वारंवार आढळते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद :
मनापासून आभार. दुसऱ्या ब्रीडरने सांगितले की आईचे सिझेरियन झाले आणि बाप त्याच्याकडे नाही. यात काही काळेबेरे आहे का?

प्रतिसाद ३ :
दोन्ही गोष्टी नेहमीच्याच आहेत. पिल्लांची डोकी मोठी आणि मादीची कंबर अरुंद, त्यामुळे या जातीत बहुतेक बाळंतपणे शस्त्रक्रियेनेच होतात. मात्र हे तिचे कितवे सिझेरियन आणि आधीच्या वेतानंतर किती काळ गेला, हे अवश्य विचारावे. चांगला ब्रीडर अनुरूप नर बाहेरूनही शोधतो, तेव्हा बाप तेथे नसणे हा दोष नाही, पण त्याचे कागद असायलाच हवेत. आई दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर मात्र तेथून उठावे. लसीकरण व जंताच्या औषधाच्या नोंदी पाहाव्यात आणि काही कारणाने कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर तो परत घेण्याची हमी लेखी घ्यावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद :
दोघांनाही पुन्हा फोन केला. पहिल्याने तपासणीचा विषय निघताच पिल्लांचे आणखी फोटो पाठवले. दुसऱ्याकडे आईचा कागद आहे, श्रेणी 1; बापाची तपासणी झाली आहे, पण कागद नराच्या मालकाकडे आहे. तो हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम देणार नाही, असे त्याला कळवले आहे, आणि त्यानेही ते मान्य केले.