'वेडिंग बँड'ला मराठीत काय म्हणायचं?

कानामात्रा:
एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. त्यातली म्हातारी रोज रात्री हिऱ्याची अंगठी काढून बशीत ठेवते, पण त्याच बोटातली दुसरी, बिनखड्याची, काही केल्या काढत नाही. पहिली एंगेजमेंट रिंग, दुसरी वेडिंग बँड. माझं वाक्य झालंय 'तिने अंगठी काढली, पण अंगठी काढली नाही.' आणि दरवेळी 'साखरपुड्याची', 'लग्नाची' लावत बसले तर परिच्छेदाची मालगाडी होते. दुसरीसाठी एखादा सुटसुटीत शब्द?

दीडशहाणा:
वेढं! आजीच्या तोंडी हाच शब्द असायचा. खडा नाही, नक्षी नाही, नुसतं गोल.

शुद्धमती:
लेखनात 'वेढं' फार घरगुती वाटतं. 'परिणयमुद्रिका' घ्या. अर्थ नेमका, शब्द आपला.

दीडशहाणा:
'म्हातारीने परिणयमुद्रिका काढली नाही.' म्हातारी कथेतली आहे हो, कीर्तनातली नाही.

आडवा_छेद:
शिवाय मुद्रिका म्हणजे मुद्रा असलेली. मारुतीने सीतेला दाखवली ती मुद्रिका, कारण तिच्यावर रामाचं नाव होतं. कोऱ्या कड्याला मुद्रिका कसं म्हणणार?

शुद्धमती:
इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकात अंगठीच्या आतल्या बाजूने प्रेमाच्या ओळी कोरत. अक्षरं आली की मुद्रा आली.

आडवा_छेद:
आतून कोरलेल्या अक्षरांचा ठसा उमटणार कुठे? बोटावर?

गोगलगाय:
मला तर 'अंगठी' हाच शब्द लग्नाचा वाटतो. अंग + गाठ. लग्नगाठ!

आडवा_छेद:
गोड आहे, पण नाही. अंगुष्ठ, म्हणजे अंगठा, त्यावरून अंगठी. अंगठ्याचं नाव घेऊन ती बसली अनामिकेत.

दीडशहाणा:
आणि सोनंही नंतरचं. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहितो, की वाग्दत्त वधूला अजून लोखंडाचीच अंगठी पाठवतात, तीही बिनखड्याची. म्हणजे वेढंच.

कानामात्रा:
बोटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. कथेत विवाहविधीचा उतारा आहे, त्यात 'डाव्या हाताचं चौथं बोट' असं आहे. चौथं म्हणजे नक्की कुठलं?

आडवा_छेद:
1549 च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातही तसंच आहे. ते अंगठ्यापासून मोजतात. आपण करंगळीपासून मोजतो, मग चौथी येते तर्जनी! 'चौथं बोट' लिहिलंत तर नवरा नवरीच्या भलत्याच बोटात अंगठी घालेल. 'अनामिका' लिहा.

गोगलगाय:
त्या बोटातून थेट हृदयाकडे शीर जाते ना? म्हणून तिथे घालतात.

आडवा_छेद:
दुसऱ्या शतकात रोमन लेखक ऑलस जेलियसने लिहिलंय, की इजिप्तच्या लोकांना शरीर उघडून पाहताना या बोटापासून हृदयापर्यंत जाणारा बारीक 'नर्वस' (लॅटिन शब्द, म्हणजे मज्जातंतू) सापडला. पुढच्यांनी त्याची शीर केली, मग 'प्रेमाची शीर'. प्रत्यक्षात पाचही बोटांतल्या शिरा सारख्याच.

दीडशहाणा:
मराठीत 'नस' म्हणा, मज्जातंतू आणि शीर दोन्ही भागतात. :)

गोगलगाय:
रशियात आणि ग्रीसमध्ये तर उजव्या हातात घालतात. त्यांचं हृदय उजवीकडे का?

शुद्धमती:
रशियनमध्येही या बोटाला 'बिननावाचं' म्हणतात. फिनिश आणि चिनीतही. आपल्याकडे कवी मोजताना करंगळीवर कालिदास मोजला आणि त्याच्या तोडीचा दुसरा मिळेना, म्हणून शेजारची ती अनामिका. मग चिन्यांना कोण मिळेना?

गोगलगाय:
वेढं नको असेल तर 'जोडअंगठी'? दोघंही घालतात म्हणून.

दीडशहाणा:
इंग्रजी मुलखात नवऱ्यांनी घालण्याची पद्धत रुजली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. लढायला गेलेल्यांना घरची खूण हवी होती. त्याआधी बहुतेक ठिकाणी अंगठी एकट्या बायकोला. आणि एकात एक अडकवलेल्या दोन कड्यांची 'गिमल' अंगठी असे, 'जोडअंगठी' तिच्यासाठी राखून ठेवा.

कानामात्रा:
सगळं वाचलं, मजा आली. पण मजकूर शुक्रवारी द्यायचाय. वेढं लिहू का त्याच अर्थाचं वळं?

आडवा_छेद:
वळं. 'वेढं'चं मुद्रितशोधक 'वेडं' करून ठेवतील.

दीडशहाणा:
म्हातारीला शोभेल तेही.

शुद्धमती:
आधी 'मुद्रितशोधक' की 'मुद्रणशोधक' ते ठरवू या.