ट्रंकेत स्वाहिली रेकॉर्ड सापडली, पुढे काय करू?

माळ्यावरचा_नातू:
नमस्कार मंडळी, गावच्या घराचा माळा आवरताना पत्र्याची ट्रंक निघाली, आत कापडात गुंडाळलेल्या १९ जुन्या रेकॉर्डी. बऱ्याचशा नाट्यपदं नि भजनं, पण तीन-चार भलत्याच आहेत, एकीच्या लेबलवर कर्ण्यासमोरचा कुत्रा आणि इंग्रजी अक्षरांत सिती बिंती साद, खाली स्वाहिली असं लिहिलंय. आजोबांचे थोरले भाऊ झांजिबारला (पूर्व आफ्रिकेजवळचं बेट) नोकरीला होते एवढं घरात माहितीये, बाकी काही नाही. ही बाई कोण? आणि मित्राकडे एलपी प्लेअर आहे त्यावर लावून बघू का? धूळ फार आहे, एक स्पिरिटने पुसली तर अजूनच चिकट झाली.

खरखरप्रेमी:
अहो थांबा थांबा, आधी त्या बाईंबद्दल सांगतो कारण मला राहवत नाहीये. सिती बिंती साद म्हणजे ताराब, म्हणजे झांजिबारच्या पारंपरिक गाण्यातलं फार मोठं नाव. जन्म १८८० च्या सुमाराचा, आई मडकी घडवायची आणि ही ती डोक्यावर घेऊन गात गात विकायची. मूळ नाव म्तुम्वा, म्हणजे चक्क गुलाम, सिती हे मानाचं नाव नंतर मिळालं. तोवर ताराब सुलतानाच्या दरबारात अरबीत गायचे, हिने ते लोकांच्या स्वाहिलीत आणलं. आणि आता ऐका, १९२८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने तिला आणि तिच्या साथीदारांना रेकॉर्डिंगसाठी बोटीने कुठे आणलं माहितीये? मुंबईला!! म्हणजे तुमची रेकॉर्ड त्या खेपेतली असेल तर गाणं मुंबईत भरलं, झांजिबारला विकलं गेलं, तुमच्या आजोबांच्या भावाने ते विकत घेऊन परत कोकणात आणलं आणि माळ्यावर टाकलं 😄 लेबलभोवतीच्या गुळगुळीत भागात बारीक कोरलेला नंबर असेल, टॉर्च तिरपा धरून वाचा नि इथे टाका, साल त्यावरूनच काढता येतं.

पिनवाला_मिरज:
स्पिरिट अजिबात नको!!! या रेकॉर्डी लाखेच्या, सुतार पॉलिशसाठी चपडा (म्हणजे हीच लाख) कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच ना, मग तुमची रेकॉर्ड चिकट होणारच, वरचा थर विरघळला तो. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापडाने रेघांच्या दिशेने गोल गोल पुसायचं, लेबल भिजू द्यायचं नाही, लगेच कोरडी करून उभी ठेवायची. आडव्या थप्पीत खालच्या तडकतात.

मित्राचा एलपी प्लेअर पण नको. एलपीच्या सुईचं टोक साधारण १ मिल, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तुमच्यासारख्या जुन्या रेकॉर्डीच्या रेघेला तिप्पट जाड ३ मिलचं लागतं, नाहीतर सुई रेघेच्या तळाशी लडखडते आणि नुसती खरखर ऐकू येते. वर ३३ नि ४५ च स्पीड असतील त्याच्यावर. चावीचा ग्रामोफोन दिसायला छान पण त्याचा साउंडबॉक्स (पिन धरणारा भाग) जड, रेकॉर्डच्या दर बाजूला नवी लोखंडी पिन लागते आणि दुर्मिळ रेकॉर्ड त्यावर घासायची म्हणजे जिवावर येतं. ७८ ची सुई असलेल्या माणसाकडून कॉम्प्युटरवर भरून घ्या, तीनेक मिनिटांची बाजू, वेळ तो किती. मूळ फाईल वेव्हमध्ये (WAV, आवाज न दाबता ठेवणारा प्रकार) जशीच्या तशी ठेवा, खरखर काढायची ती कॉपीवर काढा, फार साफ केलं की आवाजाचा जीवच जातो.

जुनाबाजार:
माझं स्पष्ट मत, विकून टाका. माळ्यावर उंदरांनी लेबलं कुरतडण्यापेक्षा कलेक्टरकडे नीट राहतील, पैसे पण येतील.

खरखरप्रेमी:
विका हो, हरकत नाही, पण आधी भरून घ्या आणि दोन्ही लेबलांचे फोटो काढा. आमच्याकडे किती रेकॉर्डी कपाटाआड गेल्या आणि त्यावर काय होतं ते कुणालाच कळलं नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनापासून ६० वर्षांचा, त्यामुळे १९२८ चं असेल तर आपल्याकडे त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क संपलाय, बाहेरच्या देशांचे नियम वेगळे असू शकतात ते बघून घ्या. इंटरनेट आर्काइव्हवर टाका, गायिकेचं नाव, नंबर, भाषा सगळं लिहून, म्हणजे तिकडच्या कुणी शोधलं तर सापडेल. नाव न लिहिता टाकलेली फाईल माळ्यावरच्या ट्रंकेसारखीच.

माळ्यावरचा_नातू:
सगळ्यांचे आभार. नंबर वाचला, फोटो संध्याकाळी टाकतो. सितीच्या रेकॉर्डला काठाला छोटा टवका आहे पण रेघांपर्यंत गेलेला नाही. पिनवाले, मिरजेला यायचंच आहे पुढच्या महिन्यात, तुम्हाला मेसेज केलाय. स्पिरिटने पुसली ती नाट्यपदाची होती, आईच्या आवडीची निघाली, तिला अजून सांगितलेलं नाही.