मदत हवी आहे : युद्धकैदेत वारलेल्या चुलत आजोबांची नोंद कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,

आम्ही हिंगोलीकडचे. आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले आणि कैदेतच वारले, एवढंच घरात माहीत आहे. तिथी ठाऊक नसल्यानं त्यांचं पान सर्वपित्रीला वाढतात. आता ग्रामपंचायत वेशीजवळ शहिदांच्या नावांचा फलक लावतेय, पण कागद मागते. मागणारच.

घोळ पलटणीचा आहे. आजी नुसतं ‘हैदराबाद पलटण’ म्हणायची. मलायात (आजच्या मलेशियात) तशा दोन होत्या. निजामाच्या फौजेतली पहिली हैदराबाद इन्फंट्री कोटा भारूच्या विमानतळावर होती. दुसरी इंग्रजांच्या सैन्यातली १९ वी हैदराबाद रेजिमेंट, तिची चौथी बटालियन. हीच रेजिमेंट १९४५ मध्ये कुमाऊं झाली. म्हणजे रानीखेतला कुमाऊंच्या केंद्राला लिहायचं की हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात जायचं? घरात एक उर्दू कागद आहे, त्यावरून मला निजामाची फौज वाटते. एक काका ते आझाद हिंद सेनेत होते असं छातीठोक सांगतात, पण ते मागाहून चिकटवलेलं असावं.

कुणी असा शोध घेतलाय का?

*

प्रतिसाद :

दादा, आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत वारलेल्या शिपायांच्या समाध्या आणि नोंदी सांभाळणारी संस्था) साइटवर बघा, फुकट आहे. आडनावावर अडून राहू नका. हिंदी शिपायांच्या नोंदीत बऱ्याचदा नुसतं नाव असतं, कधी पुढे बापाचं नाव आणि गाव. स्पेलिंग उलटसुलट करून बघा. जिल्हा परभणी टाका, हिंगोली १९९९ ला वेगळा झाला. समाधी नसलेल्यांची नावं सिंगापुरात क्रांजीच्या स्मारकावर आहेत, दहन झालेल्यांचं स्मारक तिथंच निराळं आहे. पण सिंगापूरवरच थांबू नका. पुष्कळ हिंदी कैद्यांना जपान्यांनी हमालीला न्यू गिनी, न्यू ब्रिटन या बेटांकडे नेलं होतं. न्यू ब्रिटनवर राबौलजवळ बिता पाकाच्या दफनभूमीतही आपले शिपाई आहेत.

तारीख सापडली तर जुन्या पंचांगावरून तिथी निघेल. मात्र कैदेतल्या मृत्यूंच्या काही तारखा अंदाजानं लावलेल्या असतात.

इंग्रजी पलटणीत उर्दू बहुधा रोमन लिपीत लिहीत. तुमच्या कागदाची लिपी कोणती, शिक्का कुणाचा? फोटो टाका, मला उर्दू वाचता येतं.