आग लागली तरी घरातच थांबा म्हणतात, ते कितपत खरं? (लंडन, कौन्सिलचा टॉवर ब्लॉक)

नववा मजला:
नमस्कार मंडळी. आम्ही पूर्व लंडनमध्ये १५ मजली ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहतो. इमारत कौन्सिलची (इथली स्थानिक पालिका), पण आमचा फ्लॅट पूर्वी कुणीतरी कौन्सिलकडून विकत घेतलेला आणि आम्ही त्या मालकाचे भाडेकरू. जिना एकच.

गेल्या महिन्यात आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली आहे. गुडघ्यांमुळे कठडा धरून एकेक पायरी उतरते. लिफ्टजवळ पाटी आहे की आग तुमच्या घरात नसेल तर घरातच थांबा. आईने ती माझ्याकडून समजून घेतली आणि म्हणाली, "अगं, खाली आग आणि आपण वर बसून राहायचं?" मला उत्तर देता आलं नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली तेव्हा तिथल्या लोकांनाही हेच सांगितलं होतं, एवढंच डोक्यात आलं. ते आईला बोलले नाही.

शिवाय आमच्या मुख्य दाराला आपोआप लावून घेणारा क्लोजर नाही. चौकटीवर चार स्क्रूंची भोकं आहेत, त्यांवरून रंग मारलाय. मालक म्हणतो ते कौन्सिलचं काम. कौन्सिलच्या फोनवर ४० मिनिटं थांबले, तर म्हणाले तुम्ही आमचे भाडेकरू नाही, मालकाशी बोला. समोरचे शेजारी ई-स्कूटर लॉबीत चार्ज करतात, वायर त्यांच्या दारातून येते आणि दार बंद होऊ नये म्हणून मध्ये बूट अडकवलेला असतो. रात्री झोप लागत नाही. नक्की कुणाला धरायचं?

तीन मिलिमीटर:
ताई, मी इथे फायर डोअर, म्हणजे आग अडवणारी दारं, तपासण्याचं काम करतो, रोज अशाच ब्लॉकमध्ये असतो. तुमच्या आईंचा प्रश्न अगदी योग्य आहे.

घरात थांबायचा सल्ला एका गृहीतावर उभा आहे: प्रत्येक फ्लॅट म्हणजे काँक्रीटची बंद पेटी. भिंती आणि स्लॅब आग तासभर अडवतात, मुख्य दार निदान अर्धा तास. तेवढ्यात बंबवाले पोचतात, आग त्या एका घरातच विझते. सगळे एकदम जिन्यात आले तर एकाच जिन्यात खाली उतरणारे आणि नळी घेऊन वर जाणारे यांची गर्दी होते. बहुतेक आगींत हे गृहीत टिकतं, म्हणून सल्ला आजही आहे. पण पेटीला भोक पडलं की सल्ल्याचा पाया गेला.

ग्रेनफेलमध्ये १४ जून २०१७ ला तेच झालं. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फ्रिजमधून आग लागली, पहिला फोन रात्री १२.५४ ला गेला. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात बाहेरून भिंतींवर जे क्लॅडिंग, म्हणजे आच्छादन, लावलं होतं, त्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलिन हे पेट घेणारं प्लास्टिक होतं. पाऊण तासाच्या आत आग २४ मजली इमारतीच्या टोकाला पोचली. घरात थांबा हा सल्ला मागे घेतला २.४७ ला. ७२ माणसं गेली. सगळं बोलणं क्लॅडिंगवर होतं, पण चौकशीत दारंही निघाली: कितीतरी फ्लॅटच्या दारांना चालू क्लोजर नव्हता. लोक जीव घेऊन पळाले, दार मागे उघडं राहिलं आणि धूर लॉबीत शिरला. ती चार भोकं मला कामावर दिसली की मी जागीच थांबतो.

आज रात्री एवढं करा. एक पौंडाचं नाणं घ्या, त्याची जाडी जवळपास तीन मिलिमीटर असते. दार लावून वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या फटीत ते घालून बघा. आरामात आत सरकलं तर फट जास्त आहे. मग चौकटीच्या किंवा दाराच्या कडेच्या खाचेत बोट फिरवा. तिथे एक बारीक पट्टी हवी, ती उष्णतेने फुगून फट बुजवते. सोबत ब्रशसारखी लव असेल तर ती थंड धूर अडवते. बिजागऱ्या तीन हव्यात, स्क्रू घट्ट हवेत. क्लोजर बसला की दार वीतभर उघडून सोडून द्यायचं. ते कुणी हात न लावता खटका बसेपर्यंत गेलं पाहिजे. नुसतं चौकटीला टेकलं तर धरत नाही मी.

आता कुणाला धरायचं. २०२१ च्या फायर सेफ्टी ॲक्टने स्पष्ट केलं की फ्लॅटची मुख्य दारंही इमारतीच्या अग्निसुरक्षेत मोडतात. २३ जानेवारी २०२३ पासून ११ मीटरपेक्षा उंच इमारतींत लॉबी-जिन्यातली दारं दर तीन महिन्यांनी तपासायची आणि फ्लॅटची मुख्य दारं वर्षातून एकदा तपासण्याचा पुरेपूर प्रयत्न करायचा, असा नियम आहे. त्यात भाडेकरू कुणाचा हा प्रश्नच येत नाही. दार बदलायचा खर्च मालकाचा की कौन्सिलचा हे लीजवर (मालक आणि कौन्सिल यांच्यातला फ्लॅटचा करार) ठरेल, ते त्या दोघांनी आपसात बघावं. तुम्ही फोन करू नका, कौन्सिलला ईमेल करा. "मुख्य दाराला सेल्फ-क्लोजर नाही" हे विषयातच लिहा, भोकांचा फोटो जोडा, मालकाला प्रत पाठवा. इमारतीचं फायर रिस्क असेसमेंट, म्हणजे आगीच्या धोक्याचा तपासणी अहवाल, मागा. किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली इमारतीसाठी २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टनुसार एक जबाबदार पक्ष ठरलेला असतो आणि तक्रारींची व्यवस्था ठेवणं त्याला बंधनकारक असतं. तिथून उत्तर आलं नाही तर बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटर ही सरकारी नियामक संस्था आहे.

आणि आईंना सांगा: घरात धूर आला किंवा उष्णता जाणवली तर थांबायचं नाही, निघायचं. लिफ्ट नाही, जिना. बाहेर पडताना दार ओढून घ्यायचं.

केंबरवेलकर:
वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. मी राहतो तिथून लाकानल हाउस हा टॉवर ब्लॉक चालत जाण्याएवढा आहे. ३ जुलै २००९ ला तिथे आगीत सहा जण गेले, त्यात तीन मुलं. त्यांनाही घरात थांबायला सांगितलं होतं. ग्रेनफेलच्या आठ वर्षं आधी. त्या रस्त्याने जाताना मी अजून वर बघतो.

स्कूटरचं मात्र थांबू नका. लिथियमची बॅटरी पेटली की काही सेकंदांत भडकते, आणि ती तुमच्या बाहेर पडायच्या वाटेवरच आहे. आधी शेजाऱ्यांशी शांतपणे बोला, मग लेखी कळवा.

ओवी_ची_आई:
आमच्याकडे क्लोजर होता, सासूबाईंना दार ओढवत नव्हतं, म्हणून मीच त्याचा दांडा सोडवून ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावर कढईतल्या तेलाने पेट घेतला. आग त्यांच्याच घरात विझली. पण आमचं दार बोटभर उघडं राहिलं होतं. सासूबाईंच्या देवघरातल्या पांढऱ्या रुमालावर काळी साय धरली होती, बोट फिरवलं की रेघ उमटायची. त्या ते वस्त्र धूत राहिल्या आणि मी बघत राहिले. कुणाला काही झालं नाही, पण ती चूक माझी होती.

ताई, दार जड वाटलं तरी दांडा काढू नका. बऱ्याच क्लोजरचा जोर स्क्रूने कमी-जास्त करता येतो, आमच्याकडे मिस्त्रीने पाच मिनिटांत केला. ज्यांना स्वतःहून उतरता येत नाही अशा रहिवाशांसाठी वेगळी योजना करण्याचा नियमही आहे, लागू तारीख ६ एप्रिल २०२६. पण तो तिथेच कायम राहणाऱ्यांसाठी आहे. आई पाहुण्या आहेत, तेव्हा त्यावर विसंबू नका.

नववा मजला:
सगळ्यांचे मनापासून आभार. ईमेल गेली, आज तक्रार क्रमांक आला, मंगळवारी दार बघायला माणूस येतोय. शेजाऱ्यांशी आईच बोलायला गेली, मी दुभाषी. स्कूटर आत घेतली त्यांनी. चार्जिंग झालं की प्लग काढतात, रात्री लावत नाहीत. बूटही गेला.

पट्टी आमच्या दाराला आहे, पण तिच्यावर रंगाचे थर आहेत. नाणं वरच्या फटीत जात नाही, कुलपाच्या बाजूने सहज जातं. खालून तर बोट जातं. ते चालतं का?

तीन मिलिमीटर:
कुलपाच्या बाजूचं चालत नाही, मंगळवारी तेच आधी दाखवा. खालच्या फटीचं माप वेगळं असतं, दाराच्या प्रमाणपत्रावर ठरतं. पण बोट जात असेल तर त्याला ती तुमच्यासमोर मोजायला लावा आणि आकडा लिहून घ्या. रंगवलेल्या पट्टीचा जवळून फोटो इथे टाका, बघून सांगतो.