मदत हवी आहे: रेपो हलवला पण इश्यू आलेच नाहीत (अर्जंट)

अर्धविराम
नमस्कार मंडळी, आमच्या प्रोजेक्टचा रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेली जागा) नवीन साइटवर हलवतोय. कोड आला, ब्रँचेस आल्या, टॅग आले, पण इश्यू (बग आणि मागण्यांच्या नोंदी) एकही नाही, विकी नाही, आणि रिलीजला जोडलेल्या फाईलीपण गायब. एरर वगैरे काही आली नाही, कमांड बरोबरच आहे. सध्या जुने इश्यू एकेक करून हाताने कॉपी-पेस्ट करतोय, पण असं किती करणार. रविवारी कॉलेजच्या पोरांना नवीन लिंक द्यायचीय. लवकर सांगा प्लीज, आणि गुगल करा म्हणू नका, करून झालंय.

खोडरबर
कुठून कुठे? कुठली कमांड? कुंडली पाठवली असतीत तर तेवढ्यावरून सांगितलं असतं.

अर्धविराम
गिटहबवरून, अजून कुठून असणार. गिट क्लोन --मिरर आणि मग गिट पुश --मिरर, म्हणजे आख्खी नक्कल उतरवायची आणि नवीन जागी चढवायची. सगळीकडे हेच लिहिलंय.

खोडरबर
आणि कुठे??

जुना_नाना
मुळात हलवताय कशाला? सगळं जग तिथे आहे. नोकरीच्या मुलाखतीत पोरांना गिटहबची लिंक मागतात, दुसरी कुठली दिली तर समोरचा उघडूनही बघत नाही. तत्त्वासाठी पोरांचं नुकसान कशाला करताय.

तिरपागडे
नाना, गुगल कोड या गुगलच्या अशाच साइटच्या वेळीपण लोक असंच म्हणायचे. २०१५ च्या मार्चमध्ये बंद करतोय म्हणाले आणि २०१६ च्या जानेवारीत कुलूप. बिटबकेट या तसल्याच साइटने २०२० मध्ये मर्क्युरियल (गिटसारखंच दुसरं साधन) काढून टाकलं, ज्यांचे रेपो त्यात होते ते बसले हातावर हात ठेवून. घर बदलायची सवय असलेली बरी.

जुना_नाना
मग हे नवीन घर बंद पडणार नाही कशावरून?

अर्धविराम
खोडरबर, कोडबर्गवर, गिटहबसारखीच साइट आहे. नाना, आमच्या ग्रुपने ठरवलंय, तो विषय संपला. प्रश्न इश्यूंचा आहे.

वाळवंटी
गिटलॅबवर जा सरळ. आमच्या ऑफिसात तेच आहे, एकदम मस्त. ग्नोमने (लिनक्सचा डेस्कटॉप बनवणारे) २०१८ मध्येच सगळं गिटलॅबवर नेलं, तेवढा मोठा पसारा गेला तर तुमचा का नाही जाणार.

तिरपागडे
ग्नोमने स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब बसवलंय, ते वेगळं. शिवाय गिटलॅबमध्ये इश्यूला # आणि मर्ज रिक्वेस्टला ! असं वेगळं चिन्ह असतं. गिटहबवर इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती; गिटलॅबवर तीच मर्ज रिक्वेस्ट) एकाच क्रमांकाच्या रांगेत असतात. जुन्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) #४७ लिहिलंय आणि तो पीआर होता, तर गिटलॅबवर ती खूण योग्य जागी जाणार नाही.

वाळवंटी
एवढं कोण बघतं.

तिरपागडे
ज्याला तीन वर्षांनी तोच बग परत सापडतो तो बघतो.

घरचा_सर्व्हर
स्वतःचं फोर्जेयो (असली साइट चालवायचं सॉफ्टवेअर) टाका ना. कोडबर्ग तरी आत काय चालवतं, तेच. माझ्याकडे माळ्यावर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे त्यावर चालू आहे, महिन्याचा खर्च म्हणजे वीज.

खोडरबर
आणि पावसाळ्यात लाइट गेली की प्रोजेक्ट पण गेला. धागा भरकटवू नका. अर्धविराम, प्रोजेक्ट कशाचा आहे आणि लायसन्स कुठलं? कोडबर्ग ही बर्लिनची ना-नफा संस्था आहे, तिथे मुक्त लायसन्सचेच प्रोजेक्ट ठेवतात.

अर्धविराम
मराठी शुद्धलेखन तपासणी, लिब्रेऑफिसचं एक्स्टेन्शन. जीपीएल आहे, मुक्तच. याचा इश्यूंशी काय संबंध?

कळफलक_बडव्या
मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिका, सगळ्या सिस्टिममध्ये आधीपासून असतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फोनेटिकने सवय बिघडते.

खोडरबर
बडव्या, त्याने टायपिंगचं विचारलंच नाहीये. शब्दयादी कुठून घेतलीत?

अर्धविराम
काही मोल्सवर्थच्या शब्दकोशातून, बाकी पोरांनी गोळा केली.

खोडरबर
मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, कॉपीराइट कधीच संपला, त्याला कोणी काही म्हणणार नाही. पोरांनी गोळा केली म्हणजे कुठून? हल्लीच्या एखाद्या छापील कोशातून उचलली असेल तर जीपीएलची फाईल ठेवून ती तुमची होत नाही.

सुईदोरा
उत्तर देते, मी गेल्या वर्षी आमचं एक टूल असंच नेलंय.

अर्धविराम, आधी ते कॉपी-पेस्ट थांबवा!! गिट फक्त कोड आणि त्याचा इतिहास नेतं. इश्यू, पीआरवरची चर्चा, रिलीजच्या फाईली हे सगळं गिटहबच्या डेटाबेसमध्ये असतं, पुश --मिररने ते कधीच येणार नाही, म्हणून एररपण नाही. विकी तर वेगळाच गिट रेपो असतो. आणि हाताने टाकलेल्या इश्यूंना नवीन क्रमांक पडतात, म्हणजे तिरपागडे म्हणतायत तो #४७ चा घोळ तुम्ही स्वतः तयार करताय.

कोडबर्गवर वरच्या + वर जाऊन नवीन मायग्रेशन, त्यात गिटहब निवडा. पण ते नवीन रेपोच बनवतं, आधीच्या रेपोत इश्यू ओतता येत नाहीत. तुम्ही बनवलेला रेपो काढून टाका किंवा त्याचं नाव बदला. गिटहबचं टोकन (पासवर्डऐवजी द्यायची किल्ली) द्या, ते दिल्यावर इश्यू, लेबलं, माइलस्टोन, पीआर, रिलीज असे चौकोन येतात, सगळ्यांवर टिक, विकीपण. टोकनशिवाय गिटहबचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने माहिती मागायची खिडकी) तासाला ६० विनंत्याच घेतो, टोकन असलं की ५०००. रेपो पब्लिक असेल तर टोकनला कुठलीही परवानगी टिक करायची गरज नाही. काम झालं की टोकन रद्द करा.

अर्धविराम
म्हणजे केलेलं सगळं पुसायचं?

सुईदोरा
हो. हाताने टाकलेले इश्यू जुन्या जागी आहेतच की, जात काहीच नाही. जुन्या रेपोत उघडे पीआर आहेत का?

अर्धविराम
आहेत थोडे. पोरांचे.

सुईदोरा
मग ते आधी मर्ज करा किंवा बंद करा. त्यांचे फोर्क (स्वतःच्या खात्यातल्या प्रती) गिटहबवरच राहणार. आणि इश्यूंवर मूळ लिहिणाऱ्याचं नाव दिसेल पण ते कोडबर्गच्या खात्याला जोडलेलं नसेल, तेव्हा पोरांनी बोंब मारली तर घाबरू नका.

घरचा_सर्व्हर
फोर्जेयोत पण अगदी हाच पर्याय आहे. माळ्यावर.

जुना_नाना
आणि जुना रेपो डिलीट करणार का? लोकांनी जिथे जिथे लिंक दिल्यात त्या सगळ्या मेल्या.

तिरपागडे
इथे नानांचं बरोबर आहे. डिलीट नको, रीडमीत (रेपोच्या माहितीच्या फाईलीत) वरच नवीन पत्ता टाका आणि मग आर्काइव्ह करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता ठेवा. क्रम उलटा केलात तर रीडमी बदलायला परत अनआर्काइव्ह करावं लागेल. किंवा आर्काइव्ह न करता कोडबर्गवरून गिटहबकडे पुश मिरर (आपोआप जाणारी नक्कल) लावा, नानांच्या मुलाखतवाल्यांचीपण सोय.

जुना_नाना
हे आधी सांगितलं असतं तर मी वाद घातलाच नसता.

वाळवंटी
तरी गिटलॅबच सोपं.

अर्धविराम
झालं! इश्यू आले, क्रमांक तेच, रिलीजच्या फाईलीपण आल्या. सुईदोरा ताई, खूप आभार. आता एक्स्टेन्शन आपोआप बांधणारी गिटहब अ‍ॅक्शन्सची फाईल आहे ती चालतच नाहीये. काही दिसतच नाही, एररपण नाही.

सुईदोरा
रेपोच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्शन्स चालू केलंत का? आणि फाईलमध्ये रन्स-ऑनपुढे काय लिहिलंय? उबुंटू-लेटेस्ट असेल तर त्या नावाचा रनर (फाईल चालवणारं मशीन) तिथे असेलच असं नाही, कोडबर्गच्या मदतपानावर त्यांची लेबलं आहेत त्यातलं घाला. फाईलच इथे चिकटवा ना.

खोडरबर
आणि शब्दयादीचं राहिलंच.