मदत हवी आहे: घडीचा चाकू फार जड उघडतो

स्विस पद्धतीचा, लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा खिशातला चाकू आहे. मोठं पातं उघडताना नख तुटायची वेळ येते. कात्री आणि ओपनर मात्र छान चालतात. स्क्रू नाहीत, सगळं रिव्हेटने (ठोकून बसवलेल्या पिनांनी) बंद, म्हणजे खोलून साफ करणं बाद. गंज दिसत नाही. ट्रेकला यानेच आंबे-पेरू कापतो, त्यांचा रस आत वाळला असावा.

कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून पाण्याखालीच बरीच उघडझाप केली, खाच टूथपिकने कोरली, पूर्ण वाळवून रिव्हेटपाशी शिलाई मशीनचं तेल सोडलं. काळपट मळ निघाला, फरक मात्र थोडाच. (खोबरेल सुचवू नका, पुण्याच्या थंडीत ते थिजतं!) फळं कापायची असल्याने पुढे मशीनच्या तेलाऐवजी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरेन म्हणतो.

तर आतला उरलेला मळ काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल, की त्याने मूठ खराब होईल? आणि तरीही पातं जडच राहिलं, तर दोष रिव्हेटचा की मागच्या स्प्रिंगचा हे कसं ओळखायचं? रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास असं काम करणारं कुणी माहीत आहे का?